सिंहस्थातली पेशवाई म्हणजे आपली पेशवाई का? आणि हे तेरा अखाडे नेमके कोण कोण?

राजवाडावाली

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे, सासरची माणसं पाच पिढ्यांपासून इथलीच. उज्जैन घरापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर, महाकालला वर्षातून दोन-तीनदा जाणं होतंच, पण २०१६ च्या सिंहस्थात मी बाळंतपणाला माहेरी होते त्यामुळे काहीच बघितलं नाही. आता २०२८ चा येतोय. सासरे ७८ चे आहेत आणि त्यांनी आत्तापासून सांगून ठेवलंय की मला एकदा साधूंचं दर्शन घ्यायचंय, नुसती डुबकी मारून परत यायचं नाही.

तर झालं असं की परवा मुलगा हिंदी पेपर वाचत होता, त्यात साधूंच्या एका अखाड्याची, म्हणजे पंथाची, जुनी बातमी होती आणि फोटोखाली लिहिलं होतं "पेशवाई". तो लगेच म्हणाला आई हे बाजीराव पेशव्यांचे साधू आहेत का. मला खरंच उत्तर देता आलं नाही. सासूबाई म्हणाल्या नाही, सासरे म्हणाले असेल काहीतरी संबंध, शिंदे होते की उज्जैनला. मग अखाडे किती, तर तेरा, पण तेरा का, कोण शैव कोण वैष्णव, सगळेच नागा असतात का, यातलं घरात कोणालाच धड सांगता येईना.

आणखी एक. नागा साधू म्हटलं की लोक मोबाईल काढतात, हसतात, काहीबाही बोलतात. मला मुलाला तसं दाखवायचं नाहीये. त्यांच्याशी बोलायचं कसं, नमस्कार कसा करायचा, जवळ गेलेलं चालतं का, कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

उज्जैनकर_काका

ताई, मुलानं प्रश्न फार छान विचारलाय, त्याला शाबासकी द्या माझ्याकडून.

शब्द एकच आहे पण संबंध थेट नाही. "पेश" म्हणजे फारसीत पुढे. जो पुढे असतो, पुढारी, तो पेशवा, म्हणून पंतप्रधानाला पेशवा म्हणायला लागले. आणि कोणी मोठं माणूस येत असेल तर पुढे जाऊन त्याचं स्वागत करणं ही सुद्धा पेशवाई. साधू-संन्याशी गावाबाहेर पडाव टाकून थांबतात, मग ठरलेल्या दिवशी निशाण, भाले, हत्ती-घोडे, पालखी, बँड असं सगळं घेऊन वाजतगाजत मेळ्यातल्या आपल्या छावणीत शिरतात, आणि गाव दुतर्फा उभं राहून त्यांचं स्वागत करतं. ती मिरवणूक म्हणजे पेशवाई. आमच्या इथं जूना अखाड्याचा पडाव नीलगंगेला असतो, २०१६ मध्ये एप्रिलच्या सुरुवातीला तिथूनच त्यांची पेशवाई निघाली होती, आमच्या गल्लीतल्या बायकांनी गॅलरीतून फुलं टाकली होती. आता प्रयागला २०२५ च्या कुंभात हा शब्द बदलून "छावणी प्रवेश" केला आणि शाही स्नानाचं "अमृत स्नान" केलं. महाकालच्या शाही सवारीला पण आता राजसी सवारी म्हणायला लागलेत हे तुम्हाला माहीत असेलच. म्हणजे २०२८ पर्यंत तुमच्या मुलाला पेपरात कदाचित वेगळाच शब्द वाचायला मिळेल, म्हणून हा आत्ताच वहीत लिहून ठेवायला सांगा.

तुमचे सासरे म्हणतात ते पण अगदी चुकीचं नाही बरं का. उज्जैनचं आजचं धार्मिक रूप उभं राहिलं ते शिंद्यांच्याच काळात. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी अठराव्या शतकात महाकालचं देऊळ पुन्हा बांधलं, आणि मेळ्याला राजाश्रय मिळाला तो मराठ्यांचाच. सिंहस्थ हे नाव सुद्धा फक्त दोन ठिकाणी आहे, नाशिक-त्र्यंबक आणि उज्जैन, कारण दोन्हीकडे गुरू सिंह राशीत लागतो. नाशिकला सूर्य पण सिंहेत, म्हणजे श्रावण-भाद्रपद. आमच्याकडे सूर्य मेषेत, म्हणजे भर वैशाख. म्हणून २०१५ नाशिक लगेच २०१६ उज्जैन, आणि आता २०२७ नाशिक, २०२८ उज्जैन. साधूंच्या दृष्टीनं हा एकच लांबलचक मुक्काम असतो, तिथून तंबू उचलले की काही महिन्यांत इथं.

आता तेरा. सात शैव संन्याशांचे: जूना, निरंजनी, महानिर्वाणी, अटल, आवाहन, आनंद आणि अग्नी. तीन वैष्णव बैराग्यांचे, त्यांना अनी म्हणतात: निर्वाणी, दिगंबर, निर्मोही. दोन उदासीन, बडा आणि नया, हे गुरू नानकांचे चिरंजीव श्रीचंद यांना मानणारे. आणि एक निर्मल, तो शीख परंपरेतला. झाले तेरा. सगळे नागा नसतात. अग्नी अखाड्यात ब्रह्मचारी असतात, उदासीन आणि निर्मल यांची पद्धत निराळी, वैष्णवांत नागा हा शब्द आहे पण ते कपड्यात असतात. दिगंबर, अंगाला भस्म, जटा, असं जे चित्र आपल्या डोक्यात असतं ते मुख्यतः शैव संन्याशांचं. आणि "दिगंबर अनी" नाव ऐकून गोंधळू नका, ते वैष्णवच.

प्रत्येक अखाड्याचा आपला देव असतो. महानिर्वाणीचे कपिल मुनी, निरंजनीचे कार्तिकेय, अटलचा गणपती. आणि सगळ्यांत मोठा जो जूना अखाडा त्याचे इष्टदेव दत्तात्रेय! आपण मराठी माणसं गुरुवारी दत्ताची आरती म्हणतो, औदुंबर-गाणगापूर करतो, आणि ते भस्म लावलेले नागा पण दत्ताचेच. हे मला कळलं तेव्हा मी चाळिशीचा होतो आणि त्या दिवसापासून क्षिप्रेच्या पलीकडच्या काठावरचा दत्त अखाडा घाट मला परका वाटेनासा झाला.

सेवेकरी_१६

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. २०१६ ला मी कॉलेजात होतो, आमचा ग्रुप पाणी वाटायच्या सेवेला होता. २२ एप्रिलचं पहिलं शाही स्नान, आदल्या रात्रीपासून आम्ही दत्त अखाडा घाटाच्या बाजूला उभे, झोप नाही काही नाही.

लोकांना वाटतं की साधू येतात आणि पाण्यात उड्या मारतात. तसं नाहीये. उज्जैनला शैव दत्त अखाडा घाटावर आणि वैष्णव समोर रामघाटावर, आणि कोणाच्या मागे कोण हे आधीच ठरलेलं, वेळ मोजून. इथं पहिला मान जूनाचा. हरिद्वारला निरंजनीचा, प्रयागला महानिर्वाणीचा. घाटावर आल्यावर आधी माणसं उतरत नाहीत, आधी भाला उतरतो. भाला म्हणजे हत्यार नाही, देव आहे तो, त्याला नाव असतं, महानिर्वाणीच्या भाल्यांची नावं सूर्यप्रकाश आणि भैरवप्रकाश. झेंडूच्या माळा घातलेला तो लांब भाला चार-पाच जणांनी छातीशी धरून पाण्यात नेला, त्याला स्नान घातलं, आणि त्याच्यानंतर मग जो "हर हर महादेव" झाला ना तो अजून कानात आहे.

पण मला जे लक्षात राहिलं ते वेगळंच. एक अगदी म्हातारे बाबा, ऐंशीच्या पुढचे असतील, पायऱ्यांवर थांबले होते, खाली शेवाळ होतं. एक तरुण नागा, पंचविशीचा, पाण्यातून परत वर आला, त्यांना पाठीवर घेतलं आणि कमरेइतक्या पाण्यात नेऊन हळूच उभं केलं, स्वतःच्या ओंजळीनं त्यांच्या डोक्यावर पाणी घातलं. वर आणल्यावर एका कापडाच्या पुरचुंडीतून भस्म काढून त्यांच्या पाठीला लावलं. ओल्या अंगावर भस्म आधी काळपट राखाडी दिसतं, मग वाळता वाळता पांढरं होतं, खांद्यापासून खाली. त्या पोरानं ते पूर्ण वाळेपर्यंत त्यांचा हात सोडला नाही. आजूबाजूला एवढा गोंगाट, पोलिसांच्या शिट्ट्या, वेळ संपत आली म्हणून माइकवर ओरडणं, आणि हे दोघं आपल्या जागी. गुरू-शिष्य म्हणजे काय ते मला त्या दिवशी दिसलं. लोक फोटो काढत होते ते मात्र पुढे नाचणाऱ्यांचे.

ताई, नमस्काराचं विचारलंत तर संन्याशांना "ॐ नमो नारायण" म्हणायचं, वैष्णवांना "जय सियाराम". एवढं म्हटलं तरी समोरच्याचा चेहरा बदलतो. धुनीजवळ जाताना चपला लांब काढायच्या, धुनी ओलांडायची नाही, तिच्यात काही टाकायचं नाही, ती त्यांची देवता आहे. फोटो विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही. आणि मुलाला घाबरवू नका, बहुतेक बाबा लहान मुलांना जवळ बोलावून भभूत लावतात, हातावर प्रसाद ठेवतात.

गिरी_परिवार

आमचं आडनाव गिरी, मूळ गाव मराठवाड्यात, आता नोकरीमुळे इंदूरला. शाळेत पोरं विचारायची गिरी म्हणजे काय. दशनामी संन्याशांची जी दहा नावं आहेत, गिरी, पुरी, भारती, सरस्वती, तीर्थ, आश्रम, वन, अरण्य, पर्वत, सागर, त्यातलंच हे. आद्य शंकराचार्यांनी ही व्यवस्था लावली असं परंपरा मानते. आमच्यासारखे घरबारी गोसावी, म्हणजे लग्न करून संसारात असलेले, महाराष्ट्रात गावोगाव आहेत. आमच्यात अजूनही समाधी देतात, दहन नाही. २०१६ ला मी आईला घेऊन छावणीत गेलो होतो, तिनं नाव सांगितल्यावर तिथल्या महंतांनी "मढी कोणती", म्हणजे साधूंची शाखा कोणती, असं विचारलं. संन्याशांच्या ५२ मढ्या, छावणीतली धर्मध्वजा पण ५२ हातांची असते ती त्याच हिशोबानं. आईला मढी सांगता आली, मला नाही आली. आल्यावर मी तिच्याकडून सगळं लिहून घेतलं.

लष्करवाला

ग्वाल्हेरहून लिहितोय. विषय साधूंचा आहे तर आमच्या इथली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राणी लक्ष्मीबाईंची समाधी सगळ्यांना माहीत, तिथंच जवळ गंगादासांची बडी शाळा आहे, ती किती जणांनी बघितलीय? वैष्णव बैराग्यांचं ठिकाण आहे ते. जून १८५८ ला राणी जखमी होऊन इथं पोचल्या तेव्हा त्यांचा देह इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून या साधूंनी शस्त्रं उचलली, लढले, आणि अंत्यसंस्कार साधूंनीच केले. परंपरेनं ७४५ साधू कामी आले असं सांगतात, त्यांच्या समाध्या आहेत, तलवारी-भाले अजून जपून ठेवलेत आणि त्यांची पूजा होते. मी लहानपणी आजोबांबरोबर जायचो, ते राणीच्या समाधीला एक हार आणि शाळेत एक हार असे दोन घेऊन निघायचे, एक घेतला असं कधी झालं नाही.

म्हणून अखाडा हा शब्द कुस्तीचा वाटला तरी त्यात खोटं काही नाही, शस्त्र आणि शास्त्र दोन्ही होतं. आणि इतिहास सगळा आपल्या सोयीचा पण नाही हे मुलाला सांगावं. पानिपतात १७६१ ला अनूपगिरी गोसावी आपल्या नागा फौजेसह अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्याकडून, म्हणजे मराठ्यांच्या विरुद्ध उभे होते. तेच अनूपगिरी, हिंमतबहादूर, पुढे महादजी शिंद्यांच्या बरोबर दिसतात. शैव आणि वैष्णव यांच्यात पण स्नानाच्या मानावरून रक्त सांडलंय, १७६० ला हरिद्वारला मोठी लढाई झाली. नाशिकला वैष्णव रामकुंडावर आणि शैव त्र्यंबकला कुशावर्तावर, ही वाटणी अशाच भांडणानंतर पेशव्यांच्या अमलात झाली. तर मुलाला हेही सांगा, पेशवाईचा आणि अखाड्यांचा खरा संबंध तिथं आहे.

कान्हकाठ

सगळ्यांचं वाचून छान वाटलं पण मला जे टोचतं ते पण लिहितो, कोणाचा अनादर करायचा नाहीये.

मी २०१६ ला तीन वेळा गेलो. काही तंबूंमध्ये एसी, समोर मोठ्या गाड्या, गेटवर बाबांचे दहा-दहा फुटी फ्लेक्स, महामंडलेश्वर ही पदवी पैसे देऊन मिळते असं लोक उघड बोलत होते. माझे वडील वारकरी परंपरेतले, त्यांना ते बघून इतकं वाईट वाटलं की आम्ही पाणी पण न पिता परत फिरलो. संन्याशाला मी-मी कशाला हवं?

दुसरं पाण्याचं. आपण इंदूरवाले क्षिप्रेत डुबकी मारायला जातो, पण आपल्याच शहराची कान्ह नदी आपलं सांडपाणी घेऊन उज्जैनला त्रिवेणीपाशी क्षिप्रेत मिळते. क्षिप्रा आपल्या इंदूरजवळ उज्जैनी गावातून निघते आणि उन्हाळ्यात कोरडी पडते, म्हणून २०१४ मध्ये नर्मदेचं पाणी पंपांनी वर चढवून तिच्यात सोडलं. २०१६ ला लोकांनी स्नान केलं ते नर्मदेच्या पाण्यात, आणि कान्ह पाइपलाइननं वळवावी लागली. साधूंना तीर्थ द्यायचं तर आधी आपण आपल्या घरचा नाला बघायला हवा. २०२८ साठी पुन्हा कान्ह वळवायचं काम चालू आहे. नुसती वळवून काय, स्वच्छ कधी करणार.

उज्जैनकर_काका

कान्हकाठ, पाण्याचं तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं, आम्ही उज्जैनवाले ते वर्षभर नाकानं सोसतो. यावर मला काही म्हणायचं नाही, तुमच्या बरोबर आहे.

पहिल्या मुद्द्यावर मात्र थोडं थांबा. महामंडलेश्वर म्हणजे अखाडा नाही. अखाडा चालतो तो श्रीपंचांवर, म्हणजे साधूंच्या कारभारी मंडळावर, महंत, सचिव, थानापती, कोठारी, भंडारी, कोतवाल, आणि खाली शेकडो साधू ज्यांचं नाव कुठल्या फ्लेक्सवर नाही. कोतवालाच्या हातात चांदीची छडी असते, छावणीत शिस्त मोडली तर तो शिक्षा करतो, थंड पाण्यात डुबक्या घालायला लावतो, आणि मोठ्या चुकीला अखाड्यातून काढतात. नागा होणं पण एका दिवसाचं काम नाही. आधी कितीतरी वर्षं सेवक म्हणून गुरूची भांडी घासायची, मग पंचगुरू करून ब्रह्मचारी, मग कुंभात रात्रीचा विरजा होम, म्हणजे संन्यास घेण्याचा विधी. नदीकाठी मुंडन होतं, शेंडी जाते, आणि तो मुलगा स्वतःच्या हातानं स्वतःचं पिंडदान करतो. आईबाप जिवंत असताना स्वतःचं श्राद्ध! २०१६ ला मी लांबून एवढंच बघितलं की डोकी भादरलेली पोरं रांगेत बसलीत, पुढ्यात पानावर पिठाचे गोळे, आणि एकाचा हात थरथरत होता. त्याला विसरून मी फक्त एसीचा तंबू लक्षात ठेवू शकत नाही.

जिथं दीक्षा होते तसं नाव पडतं असं साधू सांगतात, हरिद्वारचे बर्फानी, नाशिकचे खिचडिया, प्रयागचे राजराजेश्वर आणि आमच्या उज्जैनचे खूनी नागा. नावाला घाबरू नका, वैशाखाच्या उन्हामुळे स्वभाव तापट म्हणतात.

आणि बदल होत नाही असंही नाही. किन्नर अखाडा लक्ष्मी नारायण त्रिपाठींच्या पुढाकारानं २०१५ मध्ये उभा राहिला आणि पहिल्यांदा मेळ्यात आला तो २०१६ ला इथंच. तेरा अखाड्यांच्या अखाडा परिषदेनं मान्यता दिली नव्हती तरी त्यांच्या मिरवणुकीला जी गर्दी लोटली ती मी या शहरात क्वचित पाहिलीय. जूनातल्या बायकांचा माईवाडा होता, त्याचं नाव २०१३ ला संन्यासिनी अखाडा झालं.

राजवाडावाली

केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. मुलाला वाचून दाखवलं, दत्त आणि भाला हे त्यानं दोनदा वाचायला लावलं. सासरे ग्वाल्हेरच्या शाळेचं ऐकून गप्प बसले एकदम, त्यांचं लहानपण लष्करमध्ये गेलं होतं आणि ते म्हणाले शाळेतल्या साधूंच्या हातचे पेढे खाल्लेत मी.

आता प्रॅक्टिकल प्रश्न. ७८ चं माणूस, म्हणजे तेव्हा ऐंशी, गुडघे दुखतात, एप्रिल-मे ची गर्मी. शाही स्नानाच्या दिवशी नेणं जमेल का?

सेवेकरी_१६

शाही स्नानाला मुळीच नेऊ नका ताई. त्या दिवशी गाड्या गावाबाहेर किती तरी लांब थांबवतात, चालावं लागतं, आणि घाट तोवर अखाड्यांसाठी रिकामा ठेवलेला असतो, आपल्याला लांबून सुद्धा नीट दिसत नाही. दोन स्नानांच्या मधला एखादा साधा दिवस धरा. घरून पहाटे चारला निघा, सांवेरमार्गे साडेपाचला पोचाल, आधी दत्त अखाड्याच्या बाजूच्या छावण्या. सकाळी सहा ते नऊ साधू आपल्या धुनीपाशी असतात, शांत असतात, बोलतात. बाबांसाठी एक घडीची खुर्ची बरोबर ठेवा. उन्हं वर आली की परत फिरायचं. आकाश भरून आलं तर थांबू नका, २०१६ ला ५ मे ला संध्याकाळी जे वादळ आलं त्यात मंडप कोसळले, माणसं गेली, आम्ही रात्रभर चिखलातून लोकांना बाहेर काढत होतो, तिथं मोठा मंडप सुरक्षित वाटतो पण नसतो.

जमलं तर मंगलनाथच्या बाजूला वैष्णव त्यागींची धुनी पण दाखवा, पण ती दुपारी असते, म्हणून सासऱ्यांना नको, मुलाला नेऊन आणा. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत तो साधू उघड्यावर बसतो, चारी बाजूंनी शेणाच्या गोवऱ्या पेटवून, डोक्यावरून एक कापड, हात गोमुखीत, म्हणजे जपमाळेच्या पिशवीत, ओठ हलतात तेवढेच. वसंत पंचमीला सुरू करतात आणि गंगा दशहऱ्याला संपवतात, टप्प्याटप्प्यानं अठरा वर्षं चालतं हे तप, शेवटच्या टप्प्यात डोक्यावर खापरात विस्तव. मी दहा फुटांवर उभा होतो तर माझ्या चेहऱ्याला चटका बसत होता.

उज्जैनकर_काका

आणि सिंहस्थाची वाट कशाला बघता. सासऱ्यांना या गुरुवारी दत्त अखाड्यावर घेऊन या, मेळा नसताना पण तिथं साधू असतात, घाट मोकळा असतो, पायऱ्यांना हात धरून उतरता येतं. येताना पटनी बाजारच्या नागचंद्रेश्वराला थांबा. दर वैशाखात ११८ किलोमीटरची पंचक्रोशी चालणारे तिथं नारळ चढवून देवाकडून बळ घेऊन निघतात, सासऱ्यांनी पण गुडघ्यांसाठी एक नारळ ठेवावा. आमचं घर तिथून पाच मिनिटांवर आहे, मेसेज करा, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.

राजवाडावाली

काका, सासऱ्यांना आत्ताच विचारलं. गुरुवार नक्की. ते कपाटातून धोतर काढून बसलेत आणि मुलगा "ॐ नमो नारायण" पाठ करतोय, पण नारायणाऐवजी दर वेळी "गुरुदेव दत्त" म्हणतोय, ते चालेल ना?

गिरी_परिवार

चालेल ताई. जूनाच्या साधूसमोर म्हणाल तर उलट जास्त खूश होतील.